फळीवरचा डबा

सिनेमा संपून पडद्यावर नावं वर सरकायला लागली तरी पप्पा उठले नाहीत. मला वाटलं, त्यांना चप्पल सापडत नसेल. थिएटरात ते चपला काढून मांडी घालून बसतात आणि मग अंधारात पायानं चाचपत राहतात. मी वाकून मोबाईलचा उजेड पाडला. चपला त्यांच्या पायातच होत्या.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून ईल."

"काय?"

"डबा."

आम्ही थांबलो. बाकीची माणसं निघून गेली. दोन सफाईवाले खालपासून एकेक रांग झाडत वर आले. आमच्या पुढ्यातलं पॉपकॉर्न झाडताना पप्पांनी दोन्ही पाय उचलून धरले, पण नजर पडद्यावरून हलवली नाही. नावं संपली, कंपनीचं चिन्ह आलं, दिवे लागले. डबा आला नाही.

जिन्यावर ते म्हणाले, "मला ह्यातलं काय समजलं न्हाई. तुला समजलं असंल. घरी गेल्यावर नीट सांग."

मी हो म्हणाले. समजलं मलाही नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बँकेचा इंग्रजी मेसेज आला, डॉक्टरांनी काही लिहून दिलं, सोसायटीनं खाली नोटीस लावली, की पप्पा ते माझ्यापुढे धरतात आणि "सांग" म्हणतात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे मला सगळं येत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. "मला माहीत नाही" असं मी त्यांना कधी म्हटलेलं नव्हतं. माहीत नसलं की मी आतल्या खोलीत जाते, मोबाईलवर बघते आणि बाहेर येऊन सांगते. पूर्वी ते सांगायचे आणि मी ऐकायची. आता उलटं झालंय, आणि उलटं झाल्यापासून आमचं बोलणंही आटत गेलंय. माझ्या अभ्यासाचं काय विचारावं हे त्यांना सुचत नाही, आणि त्यांच्या भट्टीचं काय विचारावं हे मला. ह्या सिनेमांचं बोलणं तेवढं उरलं होतं. त्यात मी शिकलेली नव्हते आणि ते न शिकलेले नव्हते. म्हणून जिन्यावरचं त्यांचं ते "नीट सांग" मला टोचलं. तेही आता उलटं होणार की काय, असं वाटलं.

पप्पा गलाईचं काम करतात. जुने, मोडके दागिने मुशीत वितळवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हे ते काम. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागातली माणसं देशभरच्या सराफ गल्ल्यांत हेच करत पसरली आहेत. पप्पा शाळा अर्धी टाकून जयपूरला आले ते चुलत्यांच्या भट्टीवर. आता जुन्या शहरात एका अरुंद जिन्याच्या वर त्यांचं स्वतःचं लहानसं दुकान आहे. आम्ही राहतो प्रताप नगरला.

ह्या धंद्यात केर टाकत नाहीत. दुकान झाडल्यावर जी धूळ निघते ती डब्यात भरून ठेवायची, हात धुतलेलं पाणी पिंपात साठवायचं, फाटकं पायपुसणं जाळून त्याची राखसुद्धा जपायची. कुठे ना कुठे सोन्याचा कण चिकटलेला असतो. वर्षातून एकदा ते सगळं धुऊन काढतात. पप्पांना ही सवय इतकी आहे की घरी आल्यावरही ते पँटची दुमड दारातल्या एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर झटकतात. आई म्हणते, "इतकी वरसं झाली, ह्या डब्यातनं माझ्या कानातल्याचा एक मणी तरी निघाला का?" पप्पा म्हणतात, "भरू दे की आधी."

तर ते सिनेमे. मालिका परदेशी आहे, अंतराळातली. एक मोठं जुनाट जहाज आणि त्यातून भटकणारी माणसं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण घरी आम्ही ते कधी घेतलंच नाही. आम्ही नुसतं "जहाज" म्हणायचो. कप्तानाला पप्पांनी "म्होरक्या" नाव दिलं होतं, यंत्रमानवाला "लोखंड्या" आणि जहाजाची दुरुस्ती करणाऱ्या बाईला "पान्हेवाली". त्यांची खरी नावं मला कॉलेजात आल्यावर पाठ झाली, आणि अजूनही कोणी ती घेतली की माझ्या मनात आधी म्होरक्या उभा राहतो, मग ते नाव.

टीव्हीवर हे सिनेमे हिंदीत सारखे लागायचे, बहुतेक रात्री आठला. पप्पा दुकान बंद करून स्कूटरवरून येईपर्यंत टीव्ही आईच्या मालिकांचा. ते हातपाय धुऊन ताटावर बसले की रिमोट आमच्या ताब्यात यायचा. तोवर सिनेमाचा पहिला अर्धा तास गेलेला असायचा. त्यामुळे सुरुवात आम्हाला कधी मिळाली नाही. सुरुवात पप्पा सांगायचे, भाकरी मोडता मोडता. पहिला भाग त्यांनी लग्नाच्या आधी थिएटरात बघितला होता, भट्टीवरच्या सोबत्यांबरोबर.

त्यांच्या तोंडची सुरुवात अशी. म्होरक्याच्या ग्रहावर वादळ सुटलंय. माणसं घाईनं जहाजात चढताहेत. म्होरक्या सगळ्यांत मागे राहतो. तो आपल्या दारातली माती एका डब्यात भरतो, झाकण लावतो, डबा बाहीनं पुसतो आणि जहाजात नेऊन फळीवर ठेवतो.

"कशाला?" मी दर वेळी विचारायची. उत्तर मला माहीत असायचं.

"आपल्या दारातला केर हाय त्यो. टाकून कसा चालंल? परत आल्यावर धुवायचा की."

मला हे इतकं पटायचं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. आमच्याकडे केर धुतात, म्हणजे अंतराळातही धूत असणार. आणि डबा खरंच होता. प्रत्येक भागात म्होरक्याच्या खोलीत, त्याच्या खांद्यामागच्या फळीवर तो दिसायचा, पोचा आलेला, पिवळ्या पट्टीचा. कुठे दोन क्षण, कुठे त्याहून कमी. जो आधी बघेल त्यानं "डबा" म्हणायचं आणि दुसऱ्याच्या ताटातला पापड घ्यायचा. लढाया चालू असायच्या, ग्रह फुटत असायचे, आणि आम्ही दोघं फळीवर डोळे लावून. पुढे जहाज ह्या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचं ते आम्हाला वाट चुकल्यासारखं वाटायचं. चुकलेत, पण पोचतील.

गावाकडे आमचं घर आहे, दोन मजली, समोरून टाइल्स लावलेलं. यात्रेला उघडतं तेवढंच, एरवी कुलूप. किल्ली इथे प्रताप नगरात देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला आहे. आई कधी कधी विचारते की जायचं तरी कधी कायमचं. पप्पा म्हणतात, "जहाज जाऊ दे आधी, मग आपण." आई कपाळाला हात लावते.

म्हणून हा शेवटचा भाग. शेवटचा म्हणून त्याची जाहिरात वर्षभर चालली होती. पप्पांनी रविवारचं तिकीट काढायला लावलं, हिंदी खेळाचं, आणि बजावलं, "ह्या येळी सुरवातीपासनं." आम्ही इतक्या लवकर पोचलो की दारावरच्या मुलीनं आम्हाला अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसवलं. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं दिलेले शेंगदाणे तपासणीत काढून घेतले, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

आणि सुरुवातीलाच जहाज फुटलं.

पहिल्याच प्रसंगात, कोणी काही बोलायच्या आत. मोठा पांढरा उजेड झाला, पत्रे उडाले, पान्हेवालीचा हात दिसला, मग काळोख. पप्पा माझ्याकडे झुकून म्हणाले, "हे जळलं ते आपलंच जहाज व्हय?" मी म्हणाले, थांबा, स्वप्न असेल. स्वप्न नव्हतं. पुढे दुसरं एक जहाज आलं, अगदी तसंच पण चकचकीत, आणि त्यात एक तरुण म्होरक्या होता, तो आपला नव्हता. कोणीतरी समजावलं की अशी पुष्कळ विश्वं आहेत आणि प्रत्येकात एकेक म्होरक्या आहे. लोखंड्या, जो चार भाग सगळ्यांना वाचवत आला होता, तोच ह्या सगळ्याच्या मागे होता असं निघालं. तो असं का वागला हे त्यानं बराच वेळ सांगितलं. मी लक्ष देऊन ऐकलं, आणि तरीही आत्ता मला ते सांगता येणार नाही. नव्या जहाजातल्या म्होरक्याच्या खोलीत फळीच नव्हती. भिंती काचेच्या होत्या. शेवटी हवेत तरंगणारे असंख्य गोळे दिसले, प्रत्येकात एक ग्रह, आणि तरुण म्होरक्यानं त्यातला एक निवडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही.

घरी जाताना सिग्नलला स्कूटर थांबल्यावर पप्पा मान वळवून म्हणाले, "म्हंजे पयलं सगळं खोटं?"

"खोटं नाही. ते दुसऱ्या विश्वातलं."

"दुसऱ्या म्हंजे कुठल्या?"

"म्हणजे... तेही खरं आणि हेही खरं."

"आन जळलं ते?"

सिग्नल सुटला म्हणून मी वाचले.

घरी आईनं विचारलं, पोचले का एकदाचे. पप्पा म्हणाले, "पोरगी सांगणार हाय." मी म्हणाले, जरा वाचून सांगते. आतल्या खोलीत जाऊन मी मोबाईलवर वाचायला लागले. ढिगानं लिहिलेलं होतं. काहींनी सिनेमाला शिव्या घातल्या होत्या, काहींनी शिव्या घालणाऱ्यांना. कुणी आकृत्या काढून दाखवलं होतं की तिसऱ्या भागातच सगळं सूचित केलेलं आहे. मी वाचत गेले आणि माझा गोंधळ वाढत गेला, कारण मला जे लागलं होतं त्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं. परत जायचं ठरलं होतं त्याचं काय झालं? डब्याचं काय झालं?

आमच्या कॉलेजात असे सिनेमे बघणारा एक गट आहे. कँटीनच्या मागच्या हिरवळीवर बसतात. त्यांचं इंग्रजी भराभर असतं, माझं थांबत थांबत, त्यामुळे मी बहुतेक वेळा ऐकते. त्या आठवड्यात प्रत्येकजण आपापला राग काढत होता. लोखंड्याला बिघडवला म्हणून एकाला जवळजवळ रडू येत होतं. मला वाटलं, इथे बोलायला हरकत नाही. मी हिंदीत म्हणाले की मला सगळ्यांत वाईट डब्याचं वाटलं.

"कौन-सा डिब्बा?" गटातल्या सीनियर मुलानं विचारलं.

मी सांगितलं. फळी, पिवळी पट्टी, दारातली माती, परत यायचं वचन. सांगताना माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि त्या बघण्यात विरोध नव्हता, नुसतं काहीच कळत नव्हतं. मग एकजण म्हणाला, "टिफ़िन छूट गया था क्या उनका?" सगळे हसले. वाईट हसले नाहीत. मीही हसले. पण कान गरम झाले.

त्यातल्या एका मुलीशी माझी मैत्री आहे. ती माझ्यापेक्षा कितीतरी पक्की चाहती. तिच्याकडे त्या जहाजाची प्रतिकृती आहे, काचेच्या कपाटात. ती हसली नव्हती. उठताना तिनं विचारलं, पहिल्या भागात वचन कुठे आहे? मी म्हणाले, अगदी सुरुवातीला. ती म्हणाली, तिला तो भाग तोंडपाठ आहे, असं काही तिला आठवत नाही. पण ती भांडली नाही. म्हणाली, घरी ये, लावून बघू.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी तिच्या आदर्श नगरच्या घरी गेले. तिच्या आईनं कचोरी दिली. आम्ही तिच्या खोलीत जमिनीवर बसलो आणि तिनं पहिला भाग लावला, पहिल्या चित्रापासून. मला विचित्र वाटत होतं. एखाद्या माणसाला रोज भेटत असावं आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच दिसावा, तसं काहीतरी. मोबाईल हातात आल्यापासून मी हे कधीही बघू शकले असते. पण जे पाठ आहे ते कोण बघतं?

वादळ नव्हतंच. शांत, करडी दुपार होती. तो ग्रह म्होरक्याचा नव्हताच. त्याचा ग्रह सिनेमा सुरू व्हायच्या आधीच नष्ट झालेला होता. हा दुसरा कुठला तरी, राहण्याजोगा आहे का ते बघायला तो तिथे उतरला होता. त्याचं तिथे घर नव्हतं, एक तंबू होता. तंबूच्या तोंडाशी वाकून त्यानं धूळ डब्यात घेतली, डबा एका यंत्राखाली धरला. यंत्रावर लाल दिवा लागला. तो म्हणाला की विष आहे, इथे काही उगवणार नाही. मग त्यानं झाकण लावलं, डबा बाहीनं पुसला आणि जहाजात नेऊन फळीवर ठेवला. आणि सिनेमा पुढे गेला.

बाही होती. फळी होती. बाकी काही नव्हतं.

"सैंपल था यार," मैत्रीण हळू म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि घाईनं म्हणाली, "पर नई वाली फ़िल्म तो फिर भी ख़राब है।"

मला तिचं हे बोलणं आवडलं, पण त्यानं माझं काही सुटलं नाही. घरी येताना बसमध्ये मी सारखा तोच विचार करत होते. सिनेमानं आमचं वचन मोडलं म्हणून मी चार दिवस चिडले होते. आता कळलं की त्यांनी वचन दिलंच नव्हतं. मग मी कशावर चिडले होते? नवा सिनेमा वाईट होता असं मला अजूनही वाटत होतं, पण ते वाटणं माझं होतं की पप्पांच्या गोष्टीचं, हे मला वेगळं काढता येत नव्हतं. आणि मी नक्की कशाची चाहती होते? हिरवळीवरच्या त्या मुलांची मालिका एक, आमची एक. नव्या सिनेमात सांगतात तशी दोन विश्वं. हे सुचलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

ह्या सगळ्यात पप्पा रोज संध्याकाळी दारात पँट झटकता झटकता विचारत होते, "काय, सापडलं का?" मी म्हणत होते, बघतेय. एकदा वाटलं, काहीतरी बनवून सांगावं. डबा तरुण म्होरक्याकडे गेला, असं. ते मानतील. पण ते मानतील ह्याचीच भीती वाटली. आणि खरं सांगितलं तर? त्यांनी किती वर्षं जेवता जेवता ती सुरुवात सांगितली होती. त्यांना खोटं ठरवायला मी कॉलेजात गेले होते का?

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाली. आई मेथी निवडत बसली होती. पप्पा पलंगावर आडवे होऊन पेपर चाळत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "पप्पा, मला नाही कळलं."

त्यांनी पेपर खाली केला. "काय?"

"सिनेमा. मी पुष्कळ वाचलं, विचारलं. मला नाही कळलं. डब्याचं काय झालं ते मला माहीत नाही. आणि पहिल्याची सुरुवात तुम्ही सांगता तशी नाहीये."

ते उठून बसले. मी टीव्हीवर पहिला भाग लावला, हिंदीतला. करडी दुपार आली. तंबू, धूळ, यंत्र, लाल दिवा. म्होरक्यानं विष म्हटलं ते स्पष्ट ऐकू आलं. आईची मेथी थांबली होती. डबा फळीवर गेला.

"परत लाव," पप्पा म्हणाले.

मी परत लावलं. ह्या वेळी म्होरक्या बाहीनं डबा पुसायला लागला तेव्हा त्यांनी बोट वर केलं. "हां. हितं आम्ही आत आलो."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी भट्टी निवायला उशीर झाला होता आणि चुलते सोडेनात. पोरं पळत थिएटरला गेली. अंधारात बॅटरीवाला जागा दाखवत होता, आणि पडद्यावर एक माणूस डबा पुसत होता. तेवढंच त्यांनी बघितलं होतं. सुरुवात त्यांनाही मिळाली नव्हती.

"मग वादळ?" मी विचारलं.

"वादळ भाईरच्या पोस्टरवर व्हतं."

आई म्हणाली, "एवढी वरसं पोरीला आपलीच गोष्ट ऐकवत व्हता की."

"मी कुठं गोष्ट सांगितली?" पप्पा म्हणाले. ते रागावले नव्हते, पण आवाज खाली गेला होता. "मला तसंच दिसलं. माणूस केर भरतोय, झाकण लावतोय, पुसून ठेवतोय. त्याचं दुसरं काय असतंय?"

ते उठून गॅलरीत गेले. खाली भाजीवाला ओरडत होता. मी टीव्ही थांबवून ठेवला. पडद्यावर फळी तशीच राहिली. मला वाटलं, झालं, हेही गेलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा की. हुबी काय राहिलीस?" पण मी गेले नाही.

थोड्या वेळानं तेच आत आले आणि पडद्यासमोर उभे राहिले. त्यांनी डब्यावर बोट ठेवलं.

"इख हाय म्हणला न्हवं त्यो?"

"हो. विष."

"मग इख फळीवर कशाला ठेवलं? चार सिनेमे? आन बाहीनं कशाला पुसायचं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ह्या वेळी ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"तुझ्या मैत्रिणीला इचार."

"विचारलं. तिलाही माहीत नाही. ती म्हणते, ठेवला असेल कुणीतरी सामान म्हणून, आणि मग राहिला तसाच."

"राहिला तसाच," पप्पा म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि खोडताही येत नव्हतं. माझंही तेच झालं होतं. आम्ही दोघं तिथे उभं राहून त्या पिवळ्या पट्टीकडे बघत होतो, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा आमच्यापैकी कोणालाच काही सांगायचं नव्हतं.

"जहाज जळलं ते आपण बघितलं," ते म्हणाले. "डबा जळलेला न्हाई बघितला."

"नाही."

"न्हाई ना?"

"नाही, डबा दिसला नाही कुठे."

त्यांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ मला लागला नाही. मग पलंगावर बसून त्यांनी विचारलं, "दुसऱ्या भागाची सुरवात बघितलीय का आपण?"

"नाही."

"तिसऱ्याची?"

"त्याचीही नाही. शेवटचा सोडून कुठलीच नाही."

"आन त्या पण मीच सांगितल्या तुला?"

मी हो म्हणाले. त्यांनी आईकडे बघितलं, आईनं मेथीकडे. दुसऱ्या भागाच्या त्यांच्या सुरुवातीत एक लग्न आहे आणि लोखंड्या वरातीत नाचतो. ते मला फार आवडायचं. ते आता राहणार की जाणार?

"लाव," पप्पा म्हणाले.

मी दुसरा भाग शोधायला लागले. आई म्हणाली, तिला कुणी सरकून जागा देणार आहे का. पप्पा पलंगाच्या कडेला सरकले, उशी मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, "आता तू सांगू नगं. मी बी सांगत न्हाई."